बाणावरून नक्की काय चालत जातंय? ११८ आकृत्यांच्या प्रोसेस-चित्राचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, तुम्ही सिस्टिम्स बघता. ईआरपी (सगळ्या कारखान्याचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं ठरलं, म्हणून ऑर्डर आल्यापासून कास्टिंग (ओतून तयार झालेला नग) गाडीत चढेपर्यंतचं सगळं काम तुम्ही बीपीएमएनमध्ये, म्हणजे कामाचे टप्पे चौकोन, बाण आणि चिन्हांनी दाखवायच्या पद्धतीत, काढलं. ११८ आकृत्या झाल्या. त्यात २७ डायमंड (जिथे रस्ता फुटतो किंवा जुळतो ती चिन्हं), सहा शेवट आणि मागे मोल्डिंगकडे (साचे घालण्याच्या कामाकडे) जाणारे सात बाण. मालक म्हणतात, एका पानात बसवा. ईआरपीवाले म्हणतात, आधी सोपं करा, मग बोलू. तुम्ही विचारताय की किती कमी केलं म्हणजे पुरे, आणि कमी करताना काही महत्त्वाचं निसटलं तर ते कळणार कसं.

पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं आणि ते मी खाली देतोही. पण आधी एक काम करा. चित्र भिंतीवर लावा, हातात लाल पेन घ्या आणि प्रत्येक बाणावर लिहा: या बाणावरून काय चालत जातंय? कागद, माल, की नुसता निरोप? ऑर्डर, हीट (फर्नेसमध्ये एका वेळी वितळवलेला धातू), की एक नग? अर्ध्या तासाचं काम आहे. माझा अंदाज आहे की तुमचा निम्म्याहून जास्त गुंता त्या अर्ध्या तासात दिसेल.

फाउंड्रीच्या चित्रात हे हमखास होतं. सुरुवातीला बाणावरून ऑर्डर चालते. पीओ (ग्राहकाची खरेदी-ऑर्डर) आला, पॅटर्न (ज्याच्यावरून साचा घालतात तो नमुना) आपल्याकडे आहे का बघितलं, कोअर बॉक्स (नगातली पोकळी ठेवणारा कोअर बनवायची पेटी) तपासला, तारीख दिली. इथपर्यंत ठीक. मेल्टिंगला आलो की त्याच बाणावरून हीट चालायला लागते. एका हीटमध्ये तीन ऑर्डरींचे साचे ओतले जातात, आणि एक मोठी ऑर्डर आठ हीटमध्ये विभागली जाते. फेटलिंगला (ओतलेला नग साफ करण्याच्या कामाला) पोचलो की बाणावर एकेक नग येतो: हा पास, हा ब्लो होलमुळे (वायूमुळे राहिलेल्या पोकळीमुळे) नापास, याला थोडं ग्राइंडिंग. डिस्पॅचला पुन्हा सगळे नग गोळा होऊन ऑर्डर. म्हणजे एकाच रस्त्यावरून कधी एसटी, कधी टेम्पो, कधी सायकल, आणि चित्र काढणाऱ्याला वाटतं वाहन एकच आहे. मग प्रत्येक ठिकाणी जोडकाम करायला डायमंड लागतात: 'सगळे नग आले का?', 'हीट पूर्ण झाली का?', 'उरलेल्याचं काय?' हे डायमंड कामात नाहीतच. ते चित्राने स्वतःसाठी निर्माण केलेत.

आता ते मागे जाणारे सात बाण घ्या. इन्स्पेक्शनमध्ये नापास झाला की बाण मोल्डिंगकडे. हार्डनेसला नापास, बाण मोल्डिंगकडे. मशिनिंगनंतर आतला ब्लो होल उघडा पडला, बाण मोल्डिंगकडे. तुम्ही शॉपफ्लोअरवर उभे राहून बघितलंय का, नापास नग मोल्डिंगकडे जाताना? कधीच जात नाही. तो फाउंड्री रिटर्नच्या (पुन्हा वितळवायच्या मालाच्या) ढिगावर पडतो, तिथून चार्जमध्ये (फर्नेसमध्ये भरायच्या मालात) जातो आणि भलत्याच ऑर्डरीच्या हीटमध्ये वितळतो. त्याचं नावगाव तिथेच संपतं. मोल्डिंगकडे परत जातो तो एक आकडा: या ऑर्डरीला सात नग कमी पडले, अजून सात साचे घाला. तो आकडा ऑर्डरीच्या खात्यात असतो. नगाच्या प्रवासाशी त्याचा संबंध नाही.

हे एकदा पटलं की चित्राचे तीन तुकडे आपोआप पडतात. ऑर्डरीचं एक पान, हीटचं एक पान, नगाचं एक पान. ऑर्डरीच्या पानावर एकच फेरा उरतो: शिल्लक नग शून्य झाले का? नसतील तर प्लॅनिंगला पुढचा आकडा द्या. हीटच्या पानावर एक खरा फेरा आहे, स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजण्याचा. नमुना घेतला, कार्बन-सिलिकॉन बघितलं, कमी असेल तर भर टाकली, पुन्हा नमुना. तो राहू द्या, तो कामात खरोखर आहे. नगाच्या पानावर एकही मागचा बाण नको, अपवाद रिवर्कचा. ग्राइंडिंग करून पुन्हा तपासणी, तेवढाच. बाकी नगाचा शेवट दोनच ठिकाणी: स्टोअरला किंवा रिटर्नच्या ढिगावर.

तीन पानं एकमेकांशी बोलतात ती निरोपाने किंवा नोंदीने. हीट संपली की तिचा नंबर आणि त्यात ओतलेल्या नगांची यादी नोंदली जाते. नग नापास झाला की ऑर्डरीच्या खात्यात एक कमी होतो. बीपीएमएनमध्ये याला मेसेज आणि डेटा स्टोअर आहेत, ते वापरा. तीन पानांना जोडणारा सिक्वेन्स फ्लोचा (एकामागून एक होणारी कामं दाखवणारा) बाण ओढायचा मोह होईल. ओढू नका.

गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. ९६ आकृत्यांच्या जागी १७, २२ आणि १५ अशी तीन पानं झाली. बेरीज ५४. मालकांना वाटलं होतं वीसात येईल, ते थोडे नाराजच झाले. पण मागचे बाण अकरावरून दोनावर आले आणि फेटलिंगच्या सुपरवायझरने नगाचं पान हातात घेऊन, मी काही न सांगता, शेवटपर्यंत वाचलं. माझ्या लेखी तोच निकाल होता.

आता तुकडे करण्याआधी की नंतर, ते तुमच्यावर, पण एक तपासणी करायचीच: चित्र चालतं का? खिशातून रुपयाचं नाणं काढा आणि सुरुवातीच्या गोलावर ठेवा. बाणाबाणाने पुढे न्या. प्लसचा डायमंड आला की जितके बाण बाहेर पडतात तितकी नाणी करा. एक्सचा आला की एकच बाण निवडा. जोडणाऱ्या प्लसपाशी सगळ्या बाजूंनी नाणी येईपर्यंत थांबा. तीन गोष्टी बघायच्या. कुठूनही निघालं तरी शेवट गाठता येतो का? शेवट गाठल्यावर मागे कुठे नाणं अडकून राहतं का? आणि असा एखादा चौकोन आहे का, जिथे नाणं कधीच पोचत नाही? कार्ल अॅडम पेत्री यांच्या १९६२च्या प्रबंधातून जी जाळी आली, त्यावर पुढे नव्वदच्या दशकात व्हॅन डर आल्स्ट यांनी वर्कफ्लोसाठी हा निकष नीट बांधला. नाव सोडा, नाणं फिरवा. बीपीएमएन डॉट आयओ या साइटचं टोकन सिम्युलेशन हेच पडद्यावर करून दाखवतं, तेही फुकट.

दोन चुका नेहमी सापडतात. एक: फाटा एक्सने फोडला आणि प्लसने जोडला. उदाहरणार्थ, ग्राहकाला टेस्ट सर्टिफिकेट हवं असेल तर वरचा रस्ता, नको असेल तर खालचा, आणि पुढे दोन्ही रस्ते प्लसवर. वरून आलेलं नाणं खालच्याची वाट बघत बसतं. ते कधीच येणार नाही, कारण रस्ता एकच निवडला होता. दुसरी चूक उलटी: प्लसने फोडलं आणि एक्सने जोडलं. मग पुढचं काम दोनदा होतं. कागदावर असताना या चुकांनी कुणाचं काही बिघडत नाही, कारण डिस्पॅचचा माणूस चित्र बघून काम करत नाही, गाडी भरून मोकळा होतो. हेच चित्र सॉफ्टवेअरमध्ये गेलं की बिघडतं. एका ठिकाणी याच उलट्या चुकीमुळे एका मालाची दोन इनव्हॉइस निघत होती आणि अकाउंट्सवाले महिनाभर एकमेकांवर खापर फोडत होते. चूक चित्रातल्या एका चिन्हाची होती.

मग आकडे. २०१० साली मेंडलिंग, रायर्स आणि व्हॅन डर आल्स्ट यांनी मॉडेल काढण्याचे सात नियम मांडले. त्यातला एक: ५०च्या वर घटक गेले तर तुकडे करा. बाकीचे सरळ आहेत. घटक कमीत कमी ठेवा, एका घटकाला जोडलेले बाण कमी ठेवा, सुरुवात एक आणि शेवट एक, जे फोडलं ते त्याच चिन्हाने जोडा, 'यातलं एक किंवा अनेक' असा गोलवाला डायमंड टाळा, आणि चौकोनातलं नाव क्रियापदासह लिहा. पन्नासची मर्यादा ऑफिसात बसून वाचणाऱ्यासाठी ठीक आहे. शॉपफ्लोअरवर भिंतीला लावायच्या पानाला मी पंचवीसच्या पुढे जाऊ देत नाही. हा माझा अनुभव आहे, सिद्धांत नाही.

मला त्याहून उपयोगी वाटतं ते कार्डोसो या पोर्तुगीज संशोधकाचं मोजमाप, कंट्रोल-फ्लो कॉम्प्लेक्सिटी. आकृत्या मोजू नका, फाटे मोजा. एक्सच्या डायमंडमधून जितके बाण बाहेर, तितके गुण. प्लसला कितीही बाण असले तरी एकच गुण, कारण तिथे निवड नाही, सगळं होतं. गोलवाल्या डायमंडला मात्र दोनाचा बाणांइतका घात वजा एक. चार बाण असतील तर १५, पाच असतील तर ३१. सगळ्यांची बेरीज करा. एका तासात तुमच्या चित्राचा कुठला कोपरा ताप देतोय ते कळेल. तीस आकृत्यांचं सरळ चित्र सोपं असतं आणि बारा आकृत्यांचं गोल डायमंडवालं चित्र डोक्याचा भुगा करतं, हे या मोजमापात लगेच दिसतं.

तुमच्याकडे तो कोपरा बहुधा चाचण्यांचा असेल. 'गरजेनुसार हार्डनेस, मायक्रो, अल्ट्रासोनिक, प्रेशर टेस्ट' असं गोल डायमंडमधून फुटलेलं असतं. चार बाण, पंधरा गुण. आणि 'गरजेनुसार' म्हणजे काय ते चित्रात कुठेच नाही, क्यूए (गुणवत्ता तपासणी) हेडच्या डोक्यात आहे. हा फाटा चित्रातून काढून तक्त्यात टाका. तक्त्याला प्रश्न तीन: धातू एफजी २६०सारखं ग्रे आयर्न आहे की एसजी ५००/७सारखं एसजी (मॅग्नेशियम टाकून केलेलं जास्त चिवट लोखंड), पार्ट सेफ्टीचा आहे का, आणि ग्राहक कुठल्या वर्गातला (समजा असे तीन वर्ग). दोन गुणिले दोन गुणिले तीन, बारा ओळी. प्रत्येक ओळीसमोर चाचण्यांची यादी. चित्रात मग दोनच चौकोन उरतात: 'तक्त्यावरून चाचण्या ठरवा' आणि 'यादीतली प्रत्येक चाचणी करा', दुसऱ्यावर तीन उभ्या रेषांचं चिन्ह. फाट्याचे गुण शून्य.

गुंता नाहीसा झाला असं मी म्हणत नाही. तो तक्त्यात गेला. पण तक्त्यातला गुंता वाचता येतो, मोजता येतो. बाराच्या बारा ओळींना उत्तर आहे का, आणि एकाच ओळीला दोन उत्तरं तर नाहीत ना, हे पेन्सिलने तपासता येतं. पहिल्यांदा असा तक्ता भरला की दोन-तीन ओळी रिकाम्या सापडतातच, आणि क्यूए हेड म्हणतात, 'अरे, असा माल आला तर आपण काय करतो?' बरोबर. चित्रात तो प्रश्न कधी कुणाला पडला नसता. ओएमजीने (बीपीएमएनचं मानक सांभाळणाऱ्या संस्थेने) २०१५ साली डीएमएन म्हणून जे मानक काढलं, ते अशाच तक्त्यांचं. तुम्हाला एक्सेल पुरे.

जॉबवर्कच्या चलनांचंही (बाहेर कामाला पाठवलेल्या मालासोबतच्या कागदांचंही) तसंच करा. माल मशिनिंगला गोकुळ शिरगावात गेला तर एक, बेळगावला गेला तर वेगळं, कारण दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं. हे डायमंड काढून तक्त्यात घाला. नियम बदलला तर तक्ता बदलेल, चित्र नाही. पाठवलेला माल वर्षात परत आला पाहिजे, ही जीएसटी कायद्यातली मुदत आहे. तिचा डायमंड नको, चलनाच्या नोंदीवर तारीख आणि आठवण ठेवा.

तुमच्या चित्रात डिस्पॅचच्या तोंडाशी एक डायमंड असणार याची मला जवळजवळ खात्री आहे: 'हायवे चालू आहे का?' २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, शिरोलीजवळ वाहतूक दिवसेंदिवस बंद राहिली, आणि त्यानंतर इथल्या किती तरी चित्रांत हा डायमंड शिरला. भीती खरी आहे, जागा चुकीची आहे. वर्षातल्या शेकडो गाड्यांना हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी 'हो'. असा क्वचित येणारा प्रसंग मुख्य रस्त्यावर ठेवायचा नाही. 'गाडी पाठवा' या चौकोनाच्या काठावर एक घटना (बीपीएमएनमधलं गोल चिन्ह) चिकटवा, तिथून वेगळ्या पानावर जा, आणि तिथे ग्राहकाला कळवणं, माल उंचावर हलवणं, सांगलीमार्गे जाता येतं का बघणं, काय ते लिहा. मुख्य पान वाचणाऱ्याला त्याची आठवण राहील, पण रोज त्याला अडखळायला लागणार नाही. वीज जाणं, फर्नेसचं लायनिंग (आतलं अस्तर) जाणं, यांनाही हाच न्याय.

नावांबद्दल एक तक्रार करून घेतो. चौकोनात 'स्पेक्ट्रो' असं लिहिलेलं असतं. स्पेक्ट्रो काय? यंत्र, अहवाल, की माणूस? 'स्पेक्ट्रोसाठी नमुना ओता' आणि 'स्पेक्ट्रोचा निकाल बघून भर ठरवा' ही दोन कामं आहेत, दोन माणसांची. 'क्यूए बघेल' हे तर नावच नव्हे. त्या चौकोनात एक अख्खा फाटा दडलेला असतो. असे चौकोन उघडले की तुमच्या आकृत्या वाढतील. वाढू द्या. कमी आकृत्यांत लपवलेला गुंता सगळ्यात महाग पडतो, कारण तो ईआरपीवाल्याला कळतो तेव्हा पैसे दिलेले असतात.

इथपर्यंत जे केलं त्यात कामात एकही बदल नाही, हे लक्षात ठेवा. चित्र बदललं, काम तेच. ही शिस्त मी फार कडकपणे पाळतो: चित्र आवरायच्या दिवशी काम सुधारायचं नाही. 'ही सही कशाला, काढून टाकू' असं कुणी त्या बैठकीत म्हणालं की मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो. दोन्ही एकदम केलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. काही निसटलं असेल तर ते आवरताना निसटलं की मुद्दाम काढलं, कोण सांगणार?

आता तो दुसरा प्रश्न. नवं चित्र जुन्याइतकंच सांगतं का, हे तपासायला मी जॉबकार्डं (प्रत्येक कामाची शॉपफ्लोअरवरची नोंद-कार्डं) वापरतो. गेल्या तिमाहीतली तीस काढा. पंधरा सरळ गेलेली, पंधरा वाकडी: रिजेक्शन झालेली, मध्येच ड्रॉइंग बदललेली, अर्धी डिस्पॅच झालेली, पैसे अडकलेली. प्रत्येक कार्डाची वाट आधी जुन्या चित्रावर बोटाने चालवा, मग नव्यावर.

जुन्यात बसतं आणि नव्यातही बसतं, तर प्रश्न नाही. जुन्यात बसत होतं, नव्यात बसत नाही: तुमच्याकडून काहीतरी निसटलं, थांबा आणि शोधा. जुन्यात बसत नव्हतं, नव्यात बसतं: बहुतेक वेळा चांगली गोष्ट, जुन्या चित्रातलं अडकलेलं नाणं सुटलं. पण नव्याने जास्तच मोकळीक दिली नाही ना, हे बघा. उदाहरणार्थ, आता सर्टिफिकेटशिवाय माल बाहेर जाऊ शकतो का? चौथा प्रकार सगळ्यात बोलका: काम झालंय, पण दोन्ही चित्रांत बसत नाही. ग्राहकाच्या माणसाने फोन केला, माल आधी द्या, सर्टिफिकेट मागाहून मेल करा, आणि तसं झालं. अशी कार्डं दोन-चार निघतील. त्यांना 'चूक' म्हणून बाजूला टाकू नका. तीसमधली सहा तशी असतील तर चित्रच खोटं आहे.

ईआरपी नसलं तरी एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल, तर त्यातून नोंदी काढून प्रोसेस मायनिंग (नोंदींवरून कामाची खरी वाट काढणं) करता येतं. लागतात तीनच रकाने: कशाची नोंद, काय केलं, कधी केलं. पण आधी तो 'कधी'चा रकाना बघा. आपल्याकडे शिफ्ट संपताना एकच माणूस दिवसभराच्या नोंदी एकदम भरतो. मग मोल्डिंग, पोअरिंग आणि नॉकआउट तिन्ही संध्याकाळी पावणेसातला झालेली दिसतात, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला अशी वाट काढून देतं की नॉकआउट आधी आणि पोअरिंग नंतर. त्या रंगीत चित्राच्या नादाला लागण्याआधी फर्नेसच्या लॉगबुकाशी ताळा घ्या. आणि हो, पहिल्या रकान्यात ऑर्डर नंबर आहे की हीट नंबर, तेही बघा. सुरुवातीचा लाल पेनचा प्रश्न इथेही सुटत नाही.

हे झाल्यावर काम बदलायची बैठक घ्या. इथे मी लांबण लावत नाही, दोन-तीन हिशोब तेवढे सांगतो.

तपासण्यांचा क्रम. गंमत म्हणजे फाउंड्रीत नॉकआउट म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढणं, आणि प्रोसेसच्या भाषेत नॉकआउट म्हणजे अशी तपासणी जिथे नापास झालं की खेळ खल्लास. दोन्ही बैठकीत आले की घोळ होतो, मी दुसऱ्याला 'बाद तपासणी' म्हणतो. नियम असा: तपासणीचा खर्च भागिले बाद होण्याची शक्यता, ज्याचं उत्तर लहान ती आधी. समजा डोळ्यांनी बघायला नगामागे २ रुपये आणि ६ टक्के बाद, मापं घ्यायला १५ रुपये आणि ४ टक्के बाद, हार्डनेसला ५ रुपये आणि १ टक्का बाद. भागाकार येतात ३३, ३७५ आणि ५००. याच क्रमाने केलं तर नगामागे सरासरी २०.६१ रुपये. बरोबर उलट्या क्रमाने केलं तर २१.७५. फरक सव्वा रुपयाच्या आत. आहे, पण ढोल वाजवण्याइतका नाही.

खरा पैसा तपासण्यांच्या मधल्या कामात आहे. समजा मशिनिंगचा खर्च नगामागे १२० रुपये आहे आणि तुम्ही डोळ्यांची तपासणी मशिनिंगनंतर करता. त्या ६ टक्क्यांतले जे दोष वरून दिसत होते, त्यांच्यावर तुम्ही उगाच मशिनिंग केलं. सगळेच वरून दिसणारे धरले तर नगामागे ७.२० रुपये. शॉट ब्लास्टनंतर (छऱ्यांच्या माऱ्याने नग साफ केल्यावर) लगेच बघा. आतले ब्लो होल मशिनिंगशिवाय दिसणार नाहीत, ते मान्य, म्हणून पुढची तपासणीही राहू द्या. चित्रात एक चौकोन वाढेल, खर्च कमी होईल. साधं चित्र आणि स्वस्त काम नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

क्रम बदलताना एक भान ठेवा. काही क्रम धातूने ठरवलेले असतात. एसजीच्या धातूत मॅग्नेशियम टाकलं की त्याचा असर मिनिटांमिनिटांनी उतरतो, म्हणून ट्रीटमेंट आणि पोअरिंगच्या मध्ये कुठलीही मंजुरी, सही, वाट बघणारा प्लस घालायचा नाही, चित्र कितीही नेटकं दिसत असलं तरी. हे सिस्टिम्सवाल्याला माहीत नसतं. मेल्टिंगच्या माणसाला शेजारी बसवा.

सह्या. डेव्हिएशनला (ठरलेल्या नियमातून सूट द्यायला) चार सह्या लागतात म्हणून सगळे ओरडतात. काढण्याआधी प्रत्येक सही कुठल्या प्रसंगानंतर आली ते विचारा. काही सह्या एखाद्या जुन्या मोठ्या रिजेक्शनची खूण असतात. कारण अजून जिवंत असेल तर सही ठेवा, पण चारही जण एकामागून एक कशाला? प्लसवर एकदम पाठवा. आणि ज्या सहीने गेल्या वर्षभरात एकदाही नकार दिला नाही, तिच्याबद्दल मालकांशी वेगळं बोला, सगळ्यांसमोर नको.

वाट बघण्याचा वेळ मोजायला लिटलचा नियम पुरतो, १९६१ साली त्याची सिद्धता आली. आत साठलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे एका नगाला लागणारे दिवस. फेटलिंगच्या फ्लोअरवर १,८०० नग पडलेत आणि रोज ३०० बाहेर जातात, तर सहा दिवस. फेटलिंगचं प्रत्यक्ष काम नगाला दहा मिनिटांचं असेल. बाकी सगळे दिवस नग नुसता पडून आहे. चित्रातला कुठलाही डायमंड काढून हे सहा दिवस कमी होणार नाहीत. साठा उतरेपर्यंत मोल्डिंगकडून रोज ३००पेक्षा कमी नग पुढे आले तर होतील.

उरला मालकांचा एका पानाचा आग्रह. तो मला चुकीचा वाटत नाही, ते पान वेगळं असावं इतकंच. सात-आठ चौकोनांचं, डायमंड न घातलेलं वरचं पान काढा: ऑर्डर घ्या, पॅटर्न तयार करा, साचे घाला, ओता, साफ करा, तपासा, पाठवा, पैसे घ्या. प्रत्येक चौकोनावर खालच्या पानाचा नंबर. हे केबिनमध्ये लावा. ईआरपीवाल्यांना हे पान एकटं देऊ नका, नाहीतर ते त्यावरूनच भाव सांगतील आणि नंतर प्रत्येक तपशिलाचे वेगळे पैसे लावतील. त्यांना तीन खालची पानं, तक्ते, आणि ती तीस जॉबकार्डं द्या. डेमोला आले की म्हणा, यातली वाकडी पंधरा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवा.

सहा शेवटांबद्दल सांगायचं राहिलं. सात नियम म्हणतात शेवट एक ठेवा. मी ऑर्डरीच्या पानावर दोन ठेवतो: 'पैसे आले' आणि 'ऑर्डर रद्द'. मालकांना या दोन्हींचा महिन्याचा आकडा वेगवेगळा बघायचा असतो, आणि दोन्ही एकाच गोलात नेले तर तो आकडा पुन्हा एखाद्या रिपोर्टमध्ये शोधत बसायला लागतो. उरलेल्या चारांपैकी दोन नगाचे आहेत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, ते नगाच्या पानावर जातील. शेवटचे दोन मला कळले नाहीत. 'होल्ड' नावाचा शेवट काय आहे? होल्डवर पडलेला माल पुढे कुठेतरी जातोच ना? त्या रॅकपाशी जाऊन सगळ्यात खालच्या नगावरचा हीट नंबर वाचा, तो कधीपासून तिथे आहे बघा, आणि मग तो गोल काढायचा की त्याच्यापुढे बाण ओढायचा ते ठरवा.